‘डोकंच नाही’ म्हणण्याआधी सकाळी काय खाल्लं ते विचारा

तिसरीच्या वर्गात सकाळी अकराच्या सुमारास मी फळ्यावर हातच्याची वजाबाकी लिहिली. 52 वजा 27. दुसऱ्या ओळीतला एक मुलगा पेन्सिल हातात धरून बसला होता. नजर फळ्याकडे, पण बघत काहीच नव्हता. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा म्हणाला, “पस्तीस.” मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून मोकळा. मोठ्या सुट्टीत खिचडी झाली, पोरं खेळून आली आणि अडीच वाजता मी तेच गणित त्याच्या पाटीवर पुन्हा लिहून दिलं. त्याने दशक फोडला, हातचा घेतला आणि पंचवीस लिहिले. मधल्या वेळात मी त्याला काहीही शिकवलं नव्हतं.

“सकाळी काय खाल्लं होतंस रे?”

“च्या.”

नुसता चहा, तोही कोरा. आई-वडील सहालाच दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेले होते. रात्रीची अर्धी भाकरी उरली होती, ती धाकट्या बहिणीने खाल्ली.

एका मुलाच्या एका गणितावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. पण त्या दिवशी माझ्या मनात एक प्रश्न शिरला आणि तो अजून गेलेला नाही. ज्या मुलांना आपण ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘याच्या डोक्यात काही शिरत नाही’ असं म्हणत आलो, त्यांतली किती मुलं खरं तर उपाशी होती, किती जणांच्या अंगात रक्त कमी होतं आणि किती जणांना फक्त ‘तुला येणार नाही’ हे एवढ्या वेळा सांगितलं गेलं होतं की त्यांना ते पटलं होतं? त्या प्रश्नापायी बरंच वाचलं, डॉक्टर मंडळींना विचारलं. त्यातून जे समजलं ते माझ्यासारख्याच शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी इथे लिहितोय.

मोठ्या माणसाच्या मेंदूचं वजन शरीराच्या अवघं दोन टक्के. पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. लहान मुलांत हा वाटा कितीतरी मोठा असतो. पाच वर्षांच्या आसपास तर मुलाच्या दिवसभराच्या ऊर्जेतली चाळीस टक्क्यांहून अधिक ऊर्जा मेंदूकडे जाते. त्या वयात मुलाची उंची-वजन वाढण्याचा वेग मंदावतो, कारण शरीर अंगाचं पोषण मागे ठेवून आधी मेंदूला वाढतं. अशा वेळी ताटच अर्धं असेल, तर कमी कुठे पडणार ते उघड आहे.

वर्गात हे कसं दिसतं? हातचा डोक्यात धरून ठेवणं हे वाटतं तेवढं सोपं काम नाही. एकाच वेळी दशक फोडला हे लक्षात ठेवायचं, बारातून सात वजा करायचे आणि परत येऊन पाचाचे चार झालेत हे आठवायचं. मेंदूतली ही थोड्या वेळापुरती माहिती धरून ठेवायची जागा, तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. ती मुळातच लहान असते आणि भूक, अपुरी झोप किंवा काळजी असली की आणखी आक्रसते. पाठांतर, पाढे, रोजची सवयीची कामं उपाशीपोटीसुद्धा बऱ्यापैकी निभतात. अडतं ते नव्या गोष्टीपाशी, जिथे दोन-तीन धागे एकदम हातात धरावे लागतात तिथे. म्हणून भुकेलं मूल ‘पाढे येतात पण गणित येत नाही’ असं दिसू शकतं. आणि भुकेलं मूल दरवेळी मलूल दिसेलच असंही नाही. काही जण चिडतात, शेजारच्याला ढकलतात, चुळबूळ करतात. त्यांच्या नावापुढे आपण ‘मस्तीखोर’ लिहून टाकतो.

पण पोट भरलं म्हणजे सगळं झालं असं नाही. पोट भरलेलं असतानाही एक उपासमार चालू असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

लोहाचं उदाहरण घ्या. लोह कमी म्हणजे रक्त कमी, एवढं आपल्याला ठाऊक असतं. रक्तातून मेंदूला प्राणवायू कमी पोचतो हे खरंच, पण लोहाचं काम तिथे संपत नाही. मेंदूतल्या तारांवर वायरच्या रबरासारखं एक वेष्टन चढतं, त्यामुळे निरोप वेगाने जातो. ते वेष्टन नीट बनायला लोह लागतं. लक्ष टिकवण्यासाठी, उत्साह वाटण्यासाठी मेंदू जी रसायनं वापरतो, त्यांच्या घडणीतही लोह लागतं. म्हणजे लोह कमी असलेलं मूल दमतं, त्याचं लक्ष लवकर उडतं आणि त्याला नव्या गोष्टीची ओढही कमी वाटते. अशा मुलाला आपण ‘आळशी’ म्हणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. दहातली जवळजवळ सात. आपल्या प्रगत म्हणवणाऱ्या राज्यातली ही मुलं पुढे पहिलीत येतात, तेव्हा पाटी कोरी असते असं आपण धरून चालतो. ती कोरी नसते.

त्याच सर्वेक्षणात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. याला खुरटणं म्हणतात. ‘आमच्या घराण्यातच उंची कमी’ म्हणून आपण ते सोडून देतो. पण इतक्या मोठ्या संख्येने मुलांची उंची खुंटते, तेव्हा कारण बहुतेक वेळा आनुवंशिक नसतं. आईच्या पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या साधारण हजार दिवसांत अन्न कमी पडलं, वरचेवर जुलाब झाले, आईच अशक्त होती, याची ती नोंद असते. उंची मोजपट्टीवर दिसते. त्याच दिवसांत मेंदूतली जोडणी चालू असते, ती दिसत नाही, एवढाच फरक.

ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत 1969 ते 1977 या काळात एक मोठा प्रयोग झाला. दोन खेड्यांत लहान मुलांना ‘अतोले’ नावाची प्रथिनयुक्त पेज दिली, दोन खेड्यांत प्रथिनं नसलेलं गोड पेय. मुलं मोठी झाल्यावर संशोधकांनी त्यांना पुन्हा शोधून काढलं. ज्या मुलग्यांना पहिल्या दोन वर्षांत पेज मिळाली होती, त्यांची मोठेपणी तासाची कमाई सुमारे 46 टक्क्यांनी जास्त होती. तिसऱ्या वर्षानंतर पेज मिळालेल्यांत असा फरक दिसला नाही. वाटीभर पेजेचा परिणाम पंचवीस-तीस वर्षांनंतर मजुरीत दिसतो.

इथे थांबलं तर निराशा येईल, की दोन वर्षांनंतर दार बंद. म्हणून मला जमैकातला प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. 1986-87 मध्ये किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधली 129 खुरटलेली मुलं निवडली, वय नऊ ते चोवीस महिने. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी एक आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जायची आणि आईला बाळाशी बोलायला, खेळायला शिकवायची. घरच्या घरी बनवलेली खेळणी आणि चित्रांची पुस्तकं, बस्स. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी पाहिलं, तर नुसत्या आहाराचा फायदा ओसरला होता. ज्यांच्याशी बोलणं-खेळणं झालं होतं, त्यांची कमाई मात्र 25 टक्क्यांनी जास्त होती.

याचा अर्थ अन्न बिनमहत्त्वाचं असा नाही, ग्वाटेमालाची मुलं ते सांगतातच. पण मेंदूला दोन प्रकारचं खाद्य लागतं, एक ताटातलं आणि एक माणसांचं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांना हे जमैकाच्या कितीतरी आधी उमगलं होतं. 1945 साली बोर्डीला काम सुरू केल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत. मग त्या बालवाडीच घेऊन पाड्यावर गेल्या, अंगणात बसल्या आणि तिथून अंगणवाडी हा शब्द रुजला. मुलं गुरांमागे जात होती, तर तिथे कुरणशाळा भरवली. आंघोळ, खाऊ, गाणी, दगड-पानांनी मोजणं, सगळं एकाच ठिकाणी. आज अंगणवाडीचं नाव काढलं की आपल्याला फक्त आहाराचं पाकीट आठवतं. त्यातली गाणी आणि गप्पा हरवल्या, तर निम्मा आहार हरवला.

आता घराकडे येऊ. ‘घरचं वातावरण चांगलं नाही’ हे वाक्य शिक्षक खोलीत रोज ऐकू येतं आणि ते बहुतेक वेळा गरीब घराबद्दल असतं. मला त्या वाक्याचा राग येतो, कारण त्यात दोष ठेवून आपण मोकळे होतो. आई-बाप मुलाशी बोलत नाहीत, अभ्यास घेत नाहीत, हे काही वेळा खरं असतं. का, ते बघायला हवं.

तमिळनाडूतल्या 54 गावांमधल्या 464 ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना बुद्धीची तीच कोडी ऊस तुटण्याआधी आणि तुटल्यानंतर घातली. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात. त्याआधीचे महिने ओढगस्तीचे, उधारीचे, दागिना गहाण टाकण्याचे. त्या महिन्यांत त्यांना कोडी कमी सुटली, पैसे आल्यावर जास्त. माणूस तोच, बुद्धी तीच. पैशाच्या विवंचनेने डोक्यातली जागाच व्यापून टाकली होती. हातचा ठेवायची जी जागा मघाशी सांगितली, तीच.

आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात उसाची दुसरी बाजू राहते, ऊसतोड मजूर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाड्या भरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने कारखान्याच्या हद्दीत फडात राहायचं. पहाटे अंधारात उठायचं, रात्री गाडी आली की रात्रीच मोळ्या भरायच्या. मूल सोबत नेलं, तर ते धाकट्याला सांभाळतं किंवा वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करतं. मागे ठेवलं, तर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. अशा आईला ‘मुलाशी रोज अर्धा तास गप्पा मारा’ असं सांगताना माझी जीभ अडखळते. तिला प्रेम शिकवायची गरज नाही, तिच्याकडे नसलेला वेळ तिला कोणीतरी द्यायला हवा. मूल पाडव्याच्या पुढेमागे परत येतं, तेव्हा वर्ग पन्नास पानं पुढे गेलेला असतो. पहिले काही दिवस ते गप्प बसतं. मग मागच्या ओळीत जाऊन बसतं. आणि तिथून एक वेगळीच गोष्ट सुरू होते.

ती म्हणजे आत्मसन्मान. आत्मविश्वास म्हणजे ‘मला हे जमेल’. आत्मसन्मान त्याच्याही खाली असतो: ‘मी कोणीतरी आहे, मला किंमत आहे.’ मूल ही किंमत स्वतः ठरवत नाही, इतरांच्या डोळ्यांत वाचून ठरवतं. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना आपण भारीच आहोत असं वाटत असतं. त्यानंतर तुलना कळायला लागते. कोणाचा डबा कसला, कोणाची चप्पल कसली, बाई कोणाला पाणी आणायला पाठवतात आणि कोणाला झाडायला लावतात, हे सगळं ती टिपत असतात. घरची परिस्थिती मुलाच्या मनात शिरते ती अशा बारीक फटींतून.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांवर केलेला प्रयोग मी वाचला, त्या रात्री मला झोप लागली नाही. कथित उच्च जातींतली 321 आणि दलित समाजातली 321 मुलं. काम एकच, कागदावरचे भूलभुलैये सोडवायचे आणि प्रत्येक सुटलेल्या कोड्याला एक रुपया. जातीचा उल्लेख केला नाही, तेव्हा दोन्ही गटांनी सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या गटांमध्ये खेळाआधी सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, गाव, वडिलांचं आणि आजोबांचं नाव आणि जात मोठ्याने वाचली. तेवढ्याने दलित मुलांची सुटलेली कोडी जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी झाली.

खोली तशीच, कागद तोच, पोटातलं अन्न तेच. फक्त ‘तू कोण आहेस’ याची जाहीर आठवण करून दिली. डोक्यातली ती लहानशी जागा आता भूलभुलैयाने नाही, ‘हे माझ्याकडे कसे बघतायत’ या विचाराने भरली. भुकेने जे होतं, विवंचनेने जे होतं, तेच अपमानाच्या भीतीने होतं. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना मीही वर्षानुवर्षं भर वर्गात जातीचे दाखले मागत आलो होतो. एकेकाचं नाव घेऊन, उभं करून. आता मी ते काम पालकांना बोलावून, वर्गाबाहेर करतो. एवढी साधी गोष्ट सुचायला मला चौदा वर्षं लागली, याचं वाईट वाटतं.

म्हणूनच शाळेतल्या जेवणाकडे मी नुसतं उष्मांकांचं गणित म्हणून बघू शकत नाही. गणित आहेच. प्राथमिकच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ आणि त्यासोबत डाळ-भाजी, मिळून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ, 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिनं. ही राष्ट्रीय योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. बहुतेक राज्यांत मुलांना कोरडं धान्य घरी दिलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2001 मध्ये शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला, तेव्हा ती खऱ्या अर्थाने शाळेत आली. देशभरच्या मुलांच्या वाचन-गणिताच्या चाचण्या तपासून काढलेला निष्कर्ष असा, की जवळपास पाच वर्षं हे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण वर्षभराहून कमी मिळालेल्यांपेक्षा 18 टक्क्यांनी जास्त होते, गणितात 9 टक्क्यांनी. ‘खिचडी खायला येतात, शिकायला नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी हे आकडे सांगतो. आणि त्याहून पुढची गोष्ट अशी, की लहानपणी शाळेत जेवलेल्या मुली आई झाल्या, तेव्हा त्यांची मुलं कमी खुरटलेली आढळली.

पण पंगत हीसुद्धा शिकवण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र रांधायची, एकत्र जेवायची. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या मुलांना भाकरी मिळाली आणि ‘माझ्यासाठी कोणीतरी हे केलं’ ही जाणीव मिळाली. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. याच्या उलट, एखाद्या मुलाला पंगतीत शेवटी बसवलं, त्याच्या ताटात वरून टाकलं, तर 450 उष्मांक पोटात जातील आणि मान खालीच राहील.

शहरातल्या, बऱ्या घरच्या पालकांना हे सगळं आपलं वाटणार नाही. पण डब्यात रोज नूडल्स, मधल्या वेळेला चिप्स आणि सकाळी नाश्त्याऐवजी चहा-बिस्किट असेल, तर लोहाची उपासमार तिथेही आहे. आणि ‘शेजारचा बघ, किती टक्के’ हे वाक्य तर तिथेच जास्त ऐकू येतं.

घरी करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते फार महाग नाही. सकाळी शिळी भाकरी-दूध, मुठीभर शेंगदाणे-गूळ, भिजवलेले हरभरे, काहीही चालेल, पण कोऱ्या पोटी शाळेत पाठवू नका. पालेभाजी, मटकी, डाळ यांतलं लोह अंगी लागायला लिंबातल्या क जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून वर लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा देऊ नका, चहाने लोह कमी शोषलं जातं. शाळेत लोहाची गोळी देतात, पाच ते दहा वयाला गुलाबी आणि त्यापुढे निळी. ती जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. पहिल्यांदा शौचाचा रंग काळा दिसला की पालक घाबरून गोळी बंद करतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जंताची गोळी चुकवू नका, कारण जंत असले की खाल्लेलं नीट अंगी लागत नाही. आणि मूल बोलायला आलं की हातातलं काम चालू ठेवूनच, पण त्याला उत्तर द्या. भाकरी थापतानासुद्धा ‘किती झाल्या, मोज बरं’ एवढं म्हणता येतं.

तो वजाबाकीचा मुलगा पुढच्या हंगामात आई-वडिलांबरोबर फडावर गेला. एप्रिलमध्ये परत आला, अंगाने वाळलेला, आणि सरळ मागच्या ओळीत जाऊन बसला. काही विचारलं की खाली बघून, “मला नाही येत, सर.” मी त्याला गणित विचारणं काही दिवस सोडून दिलं. त्याऐवजी परिपाठ झाला की हजेरी मोजायची आणि आज तांदूळ किती घ्यायचा ते खिचडी करणाऱ्या मावशींना सांगायचं, हे काम त्याच्याकडे दिलं. माणशी शंभर ग्रॅम. पहिले दोन दिवस तो बोटांवर मोजत दारातच उभा राहिला. मावशी थांबल्या. घाई केली नाही. आठवड्याने तो पळत जाऊन सांगायला लागला. सदतीस पोरं, तीन किलो सातशे. एकेचाळीस पोरं, चार किलो शंभर.

जूनमध्ये एकदा पाऊस होता, हजेरी कमी होती. मी घाईत दारातूनच ओरडलो, “मावशी, बत्तीस पोरं आहेत, तीन किलो तीनशे काढा.”

तो माझ्या शेजारीच उभा होता. मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “सर, तीन किलो दोनशे.”